काळ्या भुकटीची दोन पाकिटं

कळंबमध्ये उमाबाईंचा काळा मसाला न चाखलेलं घर शोधायचं म्हटलं तर बरीच पायपीट करावी लागेल. धने, खोबरं, तीळ, दगडफूल, बाद्यान, मिरच्या, सगळं त्या स्वतः भाजतात. भाजताना कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. एकदा कढईत खोबरं असताना मुलानं, रुद्रेशनं, पंख्याचं बटण कुठं आहे एवढंच विचारलं, तर त्या दिवशी त्याला जेवणात नुसतं ताक मिळालं.

उमाबाईंचे यजमान बसप्पा भंगाराचे व्यापारी. ते गेल्यावर दुकान रुद्रेशकडं आलं. रुद्रेश मनानं चांगला, बोलायला गोड, पण दुकानात गिऱ्हाईक आलं की मालापेक्षा गप्पाच जास्त तोलायचा. दुकानाला खरा हात लागला तो सून आल्यावर. शिवप्रिया लोहारा गावची, धाराशिवच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. लग्नानंतर पहिल्यांदा ती दुकानात गेली आणि तिला एका क्रेटमध्ये मोबाईलच्या जुन्या, पोट फुगलेल्या बॅटऱ्या दिसल्या.

"हे काय करता याचं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"काय करायचं? पडल्यात. कुणी घेत न्हाय."

शिवप्रियानं क्रेट उचलून आधी उन्हातून सावलीत नेलं. मग संध्याकाळी जेवताना तिनं सासूला आणि नवऱ्याला समजावून सांगितलं. या बॅटरीत लिथियम असतं, निकेल असतं, कोबाल्ट असतं. बॅटरी चालेनाशी झाली तरी हे धातू कुठं जात नाहीत, आतच राहतात. ते खाणीतून काढायला डोंगर फोडावे लागतात, परदेशातून आणावे लागतात, आणि आपण इथं ते उकिरड्यावर फेकतो.

उमाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडत विचार केला. "म्हंजे बॅटरी मरती, पर तिचा जीव आतच ऱ्हातो."

"तसंच म्हणा, आत्या."

"मग काढ की."

सासूच्या या तीन शब्दांवर काम सुरू झालं. ढोकी रस्त्याला गावाबाहेर जागा घेतली, प्रदूषण मंडळाच्या परवानगीसाठी खेटे घातले, बंद शेड उभं राहिलं. मोबाईलवाल्यांकडून, लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यांकडून, विजेच्या स्कूटरच्या शोरूममधून बॅटऱ्या यायला लागल्या. शेडमधलं काम असं: लहान बॅटऱ्या आधी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मोठ्यांची वीज यंत्रानं उतरवायची. मग वाळवायच्या, बंद यंत्रात फोडायच्या, चाळायच्या. प्लास्टिक एकीकडं, तांब्याचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे पापुद्रे एकीकडं, आणि खाली जी काळीभोर बारीक भुकटी पडते तिच्यात सगळं धन. या धंद्यात तिला ब्लॅक मास म्हणतात. शिवप्रिया घरात काळी भुकटी म्हणायची.

उमाबाई एकदा शेड बघायला आल्या. त्यांना मास्क, चष्मा, हातमोजे घालून आत नेलं. त्यांनी सगळं बघितलं आणि बाहेर येऊन मास्क काढत म्हणाल्या, "वाळवायचं, कुटायचं, चाळायचं. माझंच काम हाय की हे. फकस्त तू भाजत न्हाईस. भाजून बघ जरा, खमंग निघंल."

"आत्या, भाजलं तर शेड उडेल."

"मग ऱ्हाऊ दे," उमाबाई म्हणाल्या.

पण त्यांच्या मनात ते राहिलंच. शेजारणींना त्या सांगायच्या, आमच्या सुनंचा बी मसाल्याचाच धंदा हाय, जरा कच्चा हाय एवढंच.

भुकटी तयार व्हायला लागल्यावर ती विकत घेणारा हवा होता. भुकटीतून एकेक धातू वेगळा करायला मोठा कारखाना लागतो, आम्लं लागतात, ते कळंबमध्ये होण्यासारखं नव्हतं. पुण्याकडची एक कंपनी तयार झाली. तिथल्या प्रयोगशाळेतले रणधीर साहेब फोनवर म्हणाले, "आधी नमुना पाठवा. त्यात कोबाल्ट आणि निकेल किती भरतंय ते बघू, मग पुढचं बोलू."

डिसेंबर संपत आला होता. येळवस तोंडावर आली होती. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं, त्या दिवशी गावात कुत्रंही सापडत नाही. उमाबाईंची धाकटी बहीण सिद्धम्मा कर्नाटकाच्या सीमेवर, मुरूमजवळच्या एका गावात वीरप्पांना दिलेली. तिच्या शेतातली येळवस मोठी, पाहुणेरावळे, गडीमाणसं, वाटसरू, सगळी पंगतीला. दाणे-भाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातलं आंबील हे तर असतंच, पण सिद्धम्माच्या पंगतीत काळ्या मसाल्याची वांगीही असायची, आणि त्या वांग्यांसाठी दर वर्षी मसाला जायचा तो उमाबाईंच्या हातचा. एरवी उमाबाई स्वतः जायच्या, पंगत वाढायच्या, आणि त्या जेवायला बसेपर्यंत वांगी संपलेली असायची. या वर्षी गुडघा धरला होता, म्हणून मसाला तेवढा पाठवायचं ठरलं.

शेडमधली कुठलीच वस्तू घरात आणायची नाही हा शिवप्रियाचा कडक नियम होता. ती कपडेसुद्धा तिकडंच बदलून यायची. पण कुरिअरचं ऑफिस गावात, घराच्या जवळ. म्हणून नमुन्याचं पाकीट नीट बंद करून, वरून पुसून तिनं एका संध्याकाळी घरी आणलं आणि दाराजवळच्या टेबलावर ठेवलं. चंदेरी रंगाचं, जाड, झिप असलेलं पाकीट. अशी पाकिटं तिनं ऑनलाइन मागवली होती आणि एक गठ्ठा घरातच पडून होता.

उमाबाईंना ती पाकिटं फार आवडली होती. मसाल्याचा वास अडवून धरतात म्हणून त्यांनी त्यातलंच एक घेतलं, त्यात बहिणीसाठी मसाला भरला आणि त्याच टेबलावर ठेवला. दोघींनी आपापल्या पाकिटावर चिठ्ठी चिकटवली होती. चंदेरी प्लास्टिकवर साधा डिंक टिकत नाही, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

सकाळी दोन्ही पाकिटं पोचती करायला रुद्रेश आला तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या फरशीवर पडल्या होत्या.

त्याला कुणालातरी विचारता आलं असतं. शिवप्रिया शेडवर गेली होती, पण उमाबाई आत देवपूजेला बसल्या होत्या. पूजेत बोललेलं त्यांना चालत नाही, तेही भाजण्याइतकंच. मग रुद्रेशनं स्वतःचं डोकं चालवलं. वास घेऊन बघावं तर त्याला सर्दी झालेली, नाक चोंदलेलं. त्यानं दोन्ही पाकिटं हातात तोलली. एक हलकं होतं, एक जड. आणि भंगाराच्या दुकानात वाढलेल्या माणसाच्या आत्मविश्वासानं त्यानं ठरवलं, की अव्वाच्या, म्हणजे आईच्या, मसाल्यात दम आहे, तो जडच असणार.

जड पाकीट त्यानं मुरूमकडं टेम्पो नेणाऱ्या व्यंकटच्या हवाली केलं. हलकं पाकीट कुरिअरनं पुण्याला गेलं.

येळवशीच्या संध्याकाळी उमाबाईंनी बहिणीला फोन लावला.

"सिद्धम्मा, झाली का गं येळवस?"

"लई झ्याक झाली, अक्का. तूच तेवढी नव्हतीस."

"वांगी कशी झाल्ती?"

पलीकडं सिद्धम्मानं घसा खाकरला. मग सिद्धम्मा म्हणाली, "वांगी? अगं, बोटं चाटली लोकांनी. ह्यांनी तर दोनदा घेतली. यंदाचा मसाला म्हंजे... असा मसाला तू आजवर केला नव्हतास, अक्का."

उमाबाई त्या रात्री गुडघा दुखत असूनही ताठ चालत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवप्रिया शेडवर जायला निघाली होती, तेवढ्यात रणधीर साहेबांचा फोन आला. आवाजात जरा संकोच होता.

"मॅडम, तुमच्या नमुन्याचा रिपोर्ट आला. कोबाल्ट सापडलं नाही."

"कमी आहे का?"

"कमी नाही, नाहीच. निकेलही नाही. लिथियम नाही. कॅल्शियम, पोटॅशियम आहे, थोडं लोह आहे." ते थांबले. "मॅडम, विचारू का नको असं झालंय. आमच्या लॅबमधल्या मुलीनं मास्क घालून, धूर ओढून घेणाऱ्या हूडखाली पाकीट उघडलं, तिला काही कळलं नाही. पण नमुना भट्टीत गेला आणि सगळ्या मजल्यावर असा वास सुटला की वरच्या मजल्यावरचे अकाउंटवाले खाली विचारत आले, आज कुणाच्या डब्यात काय आहे म्हणून. हे नक्की काय आहे?"

शिवप्रियानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडं गेलं. तिथं उमाबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमची सिद्धम्मा म्हनली, असा मसाला आजवर झाला नव्हता."

शिवप्रियानं मागाहून बोलते म्हणत फोन ठेवला.

पुढच्या काही मिनिटांत त्या घरात जे झालं त्याला गोंधळ म्हणणं कमीच आहे. शिवप्रियानं आधी रुद्रेशला समोर उभं केलं. रुद्रेशनं जड-हलक्याची हकीकत सांगितली आणि शेवटी स्वतःच हळू आवाजात म्हणाला, "सर्दी झाल्ती." उमाबाईंना सगळं कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी रुद्रेशचा दंड धरला.

"आरं, दोनदा घेतली म्हनली ती. वीरप्पांनी दोनदा घेतली."

शिवप्रियानं धाराशिवला मैत्रिणीच्या डॉक्टर नवऱ्याला फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "किती गेलं पोटात, कुणाच्या गेलं, उलट्या, पोटदुखी, चक्कर काही आहे का, आधी हे विचार. काहीही त्रास असेल तर थेट दवाखान्यात न्या. घरी काढेबिढे पाजत बसू नका. आणि उरलेलं कुणी वापरू नका म्हणावं."

सिद्धम्माचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग तिचे यजमान वीरप्पा यांना लावला. वीरप्पांना कमी ऐकू येतं आणि ते त्यांना मान्य नाही.

"काका, मी शिवप्रिया बोलते. पोट दुखतंय का?"

"पोतं? पोतं न्हाय आलं, पुडकं आलं व्यंकटसंगं. मिळालं, मिळालं."

"पुडकं नाही काका, पोट. तुमचं पोट कसं आहे?"

"व्हय, व्हय, मोठं हाय. शेर-दीड शेर भरंल."

"काका, तो मसाला खाऊ नका. आजपासून अजिबात..."

"थांब, ह्यो फोन कुंई कुंई कराय लागला. बॅटरी..."

फोन बंद पडला. तो पुन्हा लागला नाही. बॅटऱ्यांच्या धंद्यात इतके दिवस काढलेल्या शिवप्रियाला एखाद्या बॅटरीचा एवढा राग पहिल्यांदाच आला. व्यंकटला फोन केला तर तो टेम्पो घेऊन सोलापुरात, पाकीट मावशीच्या हातातच दिलं एवढंच त्यानं शपथेवर सांगितलं.

"रुद्रेश, गाडी काढ," शिवप्रिया म्हणाली. ती म्हणायच्या आधीच उमाबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. गुडघ्याचं नाव कुणी काढलं नाही.

येडशी गेलं, धाराशिव गेलं. शिवप्रिया पुढं बसून पुनःपुन्हा दोन्ही नंबर लावत होती. उमाबाई मागून हळूहळू यादी करत होत्या, येळवशीला कोण कोण असणार त्याची. सिद्धम्मा, वीरप्पा, त्यांचे दोन्ही लेक, सुना, गडी, गड्यांची पोरं, गावचे मास्तर. मग त्यांना आठवलं की मठाचे स्वामीही दर वर्षी येतात, आणि त्यांनी डोळेच मिटून घेतले.

तुळजापूर आलं तसं त्यांनी गाडी हळू करायला लावली आणि देवळाच्या दिशेला हात जोडले. "आई, सगळ्यांची पोटं सांभाळ. वटी भरायला येते."

"अव्वा, एका वटीत किती पोटं बसवतीस?" रुद्रेश म्हणाला. वातावरण हलकं करावं एवढाच त्याचा हेतू होता. दोघींपैकी एकीनंही त्याच्याकडं बघितलं नाही, आणि नळदुर्ग येईपर्यंत त्यानं नजर रस्त्यावरच ठेवली.

दुपारच्या सुमाराला गाडी गावात शिरली. वळणावरून सिद्धम्माचं घर दिसतं. घरासमोर माणसांची गर्दी होती. बाया होत्या, पोरं होती, म्हातारी माणसं काठ्या टेकून उभी होती.

उमाबाईंनी पुढच्या सीटची कड धरली. "गेलं कुनीतरी," त्या म्हणाल्या.

गाडी थांबायच्या आत शिवप्रियानं दार उघडलं. गर्दीतून वाट काढत ती पुढं गेली आणि बघते तर मध्यभागी एक पांढराशुभ्र खोंड उभा. शिंगांना हिंगूळ लावलेला, गळ्यात नवी घुंगरमाळ. वीरप्पांनी तो सकाळीच बाजारातून आणला होता आणि सगळं गाव बघायला लोटलं होतं. वीरप्पा खोंडाच्या पाठीवर हात ठेवून, छाती काढून उभे होते. रंग त्यांचाही टवटवीत होता.

तरी शिवप्रियानं धीर सोडला नाही, म्हणजे घाबरायचं सोडलं नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "काल शेतात वांगी कुणी कुणी खाल्ली?"

निम्म्याहून जास्त हात वर गेले. अजून वांगी आली असावीत असा लोकांचा समज झाला. ज्यांनी खाल्ली नव्हती त्यांतल्याही काहींनी हात वर केले.

"कुणाच्या पोटात काही होतंय का? खरं सांगा."

"जागा हाय पोटात," एक म्हातारा म्हणाला.

तोवर उमाबाई रुद्रेशच्या खांद्याचा आधार घेत पोचल्या होत्या. त्या थेट वीरप्पांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, "दाजी, जीभ दाखवा."

वीरप्पांना हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. गावासमोर मेहुणीनं जीभ मागितल्यावर काय करावं हे त्यांना सुचेना. खोंडाचा दोर हातात घट्ट धरून त्यांनी जरा मागं सरकून घेतलं.

आवाज ऐकून सिद्धम्मा घरातून बाहेर आली. अक्काला बघून तिचा चेहरा फुलला. "अक्का, तू? आणि गुडघा?"

शिवप्रिया तिला धरून घरात घेऊन गेली, खाली बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. पाकिटांची अदलाबदल झाली. इथं आलं ते मसाल्याचं नव्हतं. ती बॅटरीची भुकटी होती, पोटात जाणं चांगलं नाही. कुणी कुणी किती खाल्लं ते सांगा, गाडी बाहेर आहे, आत्ताच्या आत्ता उमरग्याला दवाखान्यात जाऊ.

सिद्धम्मानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं शिवप्रियाकडं बघितलं, मग अक्काकडं, मग जमिनीकडं.

"कुनी खाल्लं न्हाय," ती म्हणाली.

"मावशी, लाजू नका. दोनदा घेतली म्हणालात."

"वांगी घेतली दोनदा. पर ते पाकीट..." सिद्धम्मा उठली, कोठीत गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात चंदेरी पाकीट होतं, झिप लावलेलं, वरून दुसरी पिशवी घालून सुतळीनं गच्च बांधलेलं.

शिवप्रियानं ते हातात घेतलं. वजनावरून, आणि पिशवीतून दिसत होतं त्यावरून, पाकीट भरलेलं होतं. ती भिंतीला टेकून बसली आणि कितीतरी वेळानं तिनं पोटभर श्वास घेतला.

"उघडून बघितलं म्या," सिद्धम्मा सांगत होती. "वास येईना. जरासं बोटाला लावलं तर काजळीसारखं चिकटलं. साबणानं धुतलं, राखंनं घासलं, निघतंय कुठं. मला वाटलं..." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, अक्काचं वय झालं. खोबरं जळालं, दगडफूल जळालं, आणि तिला कळलं बी न्हाय. रडू आलं मला, खरं सांगते. म्हनून ते बांधून वर ठेवलं, कुनाला दिसू दिलं न्हाय. आणि तू फोन केलास तवा म्हनलं, तारीफ करावी चांगली. न्हायतर तुझ्या जिवाला लागलं असतं."

शिवप्रियानं तिचं बोट धरून उजेडात नेलं, नीट बघितलं, पुन्हा साबणानं धुवायला लावलं. रुद्रेश हसत सुटला, सर्दीनं चोंदलेल्या नाकानं, कुकरच्या शिट्टीसारखा. उमाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. त्यांनी बहिणीला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

फिरता फिरता तो हात थांबला.

"सिद्धम्मा, मग वांग्यात मसाला कुठला घातलास?"

"माझा."

"तुझ्याकडं कुठनं आला?"

सिद्धम्मा चहा टाकायला उठली. पण घाईत तिनं कोठीचं दार उघडंच ठेवलं होतं, आणि वरच्या फळीवर, जिथून पाकीट काढलं त्याच्या मागं, उमाबाईंना ओळखीचे डबे दिसले. एक गेल्या येळवशीचा, एक त्याच्या आधीचा, एक तर अजून बसप्पा असतानाचा, हिरव्या झाकणाचा. सगळे गच्च भरलेले.

उमाबाईंनी बोटानं डबे मोजले.

"दर वर्षी?" उमाबाईंनी विचारलं.

"अक्का, तुझा मसाला चांगलाच हाय," सिद्धम्मा म्हणाली. "पर लई जहाल पडतो. ह्यांना सोसत न्हाय. पहिल्या वर्षी घातला तर स्वामींना पंगतीतच उचकी लागली, ती मठात जाईपर्यंत थांबली न्हाय. तवापास्नं म्या माझा घालते. तुला सांगायचं म्हनलं तर, तू किती हौसेनं आणतीस."

उमाबाई उठल्या. पदर खांद्यावर घेतला. "रुद्रेश, गाडी काढ."

"आत्या, जेवून..." शिवप्रिया म्हणाली.

"भूक न्हाय."

पण सबंध दिवस त्यांच्या पोटात काही नव्हतं, आणि सिद्धम्मा मोठ्या बहिणीला उपाशी जाऊ देणारी नव्हती. तिनं दाराला आडवी उभी राहून कन्नडमध्ये काहीतरी बजावलं, ते फक्त उमाबाईंना कळलं. मग पाट मांडले गेले. कालचं आंबील आज चांगलं आंबट झालं होतं. उरलेले उंडे होते, भज्जी होती, आणि एका लहान पातेल्यात कालची वांगी.

उमाबाईंनी भज्जी खाल्ली, आंबील प्यायल्या. वांग्याकडं बघितलंसुद्धा नाही. सिद्धम्मानं न विचारता एक वांगं त्यांच्या ताटात ठेवलं. ते बराच वेळ तसंच राहिलं. शेवटी अन्न टाकायचं नाही म्हणून, असं तोंडानं सांगत, उमाबाईंनी एक घास घेतला. मग दुसरा घेतला. सगळे मान खाली घालून जेवत होते, पण कुणाचंही लक्ष स्वतःच्या ताटात नव्हतं.

"खोबरं जास्ती टाकतीस तू," उमाबाई म्हणाल्या.

"व्हय."

"आणि मिरची ब्याडगी."

"सीमेवर सगळ्यांकडं तीच असती, अक्का."

उमाबाईंनी ते वांगं संपवलं. चांगलं झालंय असं त्या म्हणाल्या नाहीत. पण निघताना हिरव्या झाकणाचा जुना डबा उचलून त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकला आणि त्याच्या जागी सिद्धम्माच्या मसाल्याची पुडी मागून घेतली. "रुद्रेशला जहाल चालत न्हाय हल्ली," एवढंच कारण त्यांनी दिलं. रुद्रेशनं मान डोलावली. त्याची त्या दिवशी कशालाही मान डोलवायची तयारी होती.

वीरप्पांना मात्र निघेपर्यंत नीट उमगलं नाही की हे सगळे कशासाठी आले होते. त्यांनी रुद्रेशला बाजूला घेऊन विचारलं, "खोंड बघायला एवढ्या लांबून आलाव का?"

"व्हय, काका," रुद्रेश म्हणाला. वीरप्पांना फार समाधान वाटलं.

काळी भुकटी त्या दिवशीच शेडवर परत गेली. शिवप्रियानं नवा नमुना काढला, पाकिटावर न निघणाऱ्या शाईनं दोन्ही बाजूंनी लिहिलं आणि स्वतः गाडीत बसून पुण्याला नेऊन दिला. रुद्रेश सोबत होता, पण त्याच्या हातात काही दिलं नव्हतं.

रिपोर्ट चांगला आला. रणधीर साहेब म्हणाले, "भरपूर कोबाल्ट आहे, निकेलही छान आहे. माल घेऊ आम्ही. आणि मॅडम, आधीचा नमुना परत हवा असेल तर..." ते जरा घुटमळले. "तो नियमाप्रमाणे परत करता येत नाही. खरं म्हणजे, करायला तो उरलेलाच नाही."

शिवप्रियानं ही गोष्ट सासूला सांगितली. ऐकून उमाबाईंनी आधी पुण्याच्या लोकांना तिखट चालतं का अशी चौकशी केली. चालतं, असं कळल्यावर त्यांची कळी खुलली. एवढ्या मोठ्या कारखान्यात शिकलेली माणसं, त्यांना जहाल लागलं न्हाय, हे त्यांनी त्याच संध्याकाळी बहिणीला फोन करून दोनदा ऐकवलं.

उन्हाळ्यात सिद्धम्मा महिनाभर कळंबला येऊन राहिली. येताना तिनं स्वतःच्या हातानं निवडलेलं खोबरं आणि ब्याडगी मिरचीचं पोतं आणलं. आल्या आल्या तिला शेड बघायचं होतं. शिवप्रियानं तिला मास्क, चष्मा, हातमोजे घातले आणि सगळं फिरवून दाखवलं. दाराशी मालाचं पहिलं वाहन भरायला लागलं होतं. सिद्धम्मानं बंद पिंपांकडं बोट दाखवून विचारलं, "यातलं लिथियम कुठलं आणि कोबाल्ट कुठलं?"

"अजून सगळं एकत्रच आहे, मावशी. तिकडं नेऊन आम्लात विरघळवतात आणि एकेक वेगळं काढतात. मग त्यातनं परत नव्या बॅटऱ्या होतात."

"म्हंजे कुटून इथनं जातंय आणि फोडणी तिकडं बसती."

"तसंच."

सिद्धम्माला ते पटलं. वाहन निघून ढोकी रस्त्याला लागेपर्यंत ती बघत उभी राहिली.

घरी मागच्या अंगणात चूल पेटली होती. दोघी बहिणी दोन बाजूंना बसल्या. उमाबाई भाजत होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा भाजताना कुणीतरी बोलत होतं. सिद्धम्मा म्हणत होती की खोबरं आता काढ, उमाबाई म्हणत होत्या की अजून जरा, आणि हे सगळं अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, चढत्या आवाजात चाललं होतं. रुद्रेश दारातून डोकावला आणि काही न विचारता मागं फिरला.

संध्याकाळी मसाला कुटून, चाळून परातीत पडला. उमाबाईंनी चिमूटभर बहिणीच्या तळहातावर ठेवला.

"खरं सांग," त्या म्हणाल्या.

सिद्धम्मानं जिभेवर ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ घेतला.

"मीठ कमी हाय, अक्का."

उमाबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग त्या उठल्या, घरात गेल्या आणि मिठाची बरणी घेऊन आल्या.